फणसाला हात लावू नका

पुणे, २० डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय काढला की 'हॅलो, हॅलो' करण्यातच वेळ जातो, म्हणून कागदावर लिहितेय. बाबा, रागावू नका. उपग्रहाचं इंटरनेट आपण घेत नाही आहोत. फायबरसाठी मी परवाच नाव नोंदवलं, वर्षाचे पैसेही भरले. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण 'बघू, आंब्याचा हंगाम होऊ दे' म्हणाला असतात आणि बघता बघता पुन्हा जून उजाडला असता.

मला जूनचीच धास्ती आहे. गेल्या जुलैत तुम्हाला घेरी आली, तेव्हा आई भर पावसात बॅटरी घेऊन रेंजसाठी सड्यावर चढली. १०८ च्या आधी तिने मला फोन लावला आणि मी झोपले होते. तुम्ही दोघं तो विषय काढत नाही, माझ्या मनातून मात्र तो जात नाही.

राज्य सरकारने नोव्हेंबरात उपग्रहाचं इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, त्याचं कात्रण तुम्ही जपून ठेवलंय. मीही ते नीट वाचलं. त्यात आधी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम आहेत. बरोबरच आहे, तिथल्या दुर्गम पाड्यांवर वायर नेणं आपल्यापेक्षा कितीतरी अवघड. कंपनीला जूनमध्ये परवाना मिळाला, पण आपल्याकडे जोडण्या अजून सुरू झालेल्या नाहीत. आणखी एक पावसाळा त्या भरवशावर काढायचा माझा धीर होत नाही.

आणि स्टारलिंकची छत्री टीव्हीच्या छत्रीसारखी नसते, बाबा. टीव्हीचा उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्याला एकाच जागी असल्यासारखा. म्हणून माड आणि गोठ्याच्या मधल्या फटीतून आपलं भागतं. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून सरकत जातात, एक गेला की दुसरा. इतके जवळ असल्यामुळे बोलणं अडखळत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. पण त्यांना डोक्यावर भरपूर मोकळं आकाश लागतं. आपल्या घरावर ते आहे कुठे? आई म्हणाली, तुम्ही फणस तोडायला माणूससुद्धा सांगितलात.

दादाचा फणस तोडायचा नाही. व्हिडिओ कॉलवर चिमीचा चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून तर मुळीच नाही. तुम्ही चुलीतल्या आठळ्या काढायचात, सोलून, फुंकर मारून एक त्याच्या हातावर, एक माझ्या. मी अजून गरम काहीही खाताना हात तसाच पुढे करते.

फायबरची वायर शाळेपर्यंत आलेलीच आहे. तिथून खांबांवरून येईल आणि पडवीच्या वाशाला धरून आत. आई, देवघराच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, असं वायर जोडणाऱ्या मुलाला बजावलंय. राऊटर टीव्हीशेजारी राहील, तुझ्या फडताळाला धक्का नाही. लाइट गेली की मात्र तो बंद पडणार. जुन्या लँडलाइनला वीज एक्सचेंजमधूनच यायची, फायबरमधून ती येत नाही. म्हणून छोटा यूपीएस पाठवलाय. तो बंद करून ठेवायचा नाही, वीजबिलाची काळजी मी करते. पावसात फांदी पडून वायर तुटेल, हेही मान्य. मे महिन्यात मी येईन आणि वाटेवरच्या फांद्या उभी राहून छाटून घेईन.

आता दोघांनी ऐका. वायर जोडायला येणाऱ्या मुलाकडून दोन्ही फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून घ्या, म्हणजे रेंज नसली तरी साधा फोन घरातूनच लागेल. फोन रात्री उशाशी ठेवायचा, कपाटात नाही. काही झालं तर आधी १०८, मग मी. बाबा, गोळी चुकवायची नाही. आणि आई, रात्रीची सड्यावर जायचं नाही म्हणजे नाही.

कात्रण फेकू नका, बाबा. फायबरने दगा दिलाच, तर वरच्या कलमांच्या मोकळ्या जागेत खांब उभारून तुमची छत्री लावू. खांबाची जागा तुम्हीच दाखवायची. पण फणसासाठी सांगितलेल्या माणसाला आजच निरोप धाडा.

आई, जोडणी झाली की पहिला फोन तू कर, चुलीपाशी बसून. कितीही वाजलेले असोत. मी उचलेन.

तुमची,
बाय