सूचना : रविवारची फ्रेंच गाण्यांची बैठक

सभासदांनो, येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्याच जागी जमायचंय. या वेळी फ्रेंच गाणी.

सुरुवात फ्रेंच कवी बोदलेअरच्या 'लँव्हितास्यों ओ व्हॉयाज' ('प्रवासाचं आमंत्रण') या एकाच कवितेने. संगीतकार आँरी द्युपार्कने तिला 1870 मध्ये चाल दिली, मधलं कडवं मात्र गाळलं. धृपदाशी पियानोची झुळझुळ थांबते आणि गाणारा जवळजवळ एकाच सुरावर उभा राहतो. तेवढी जागा कान देऊन ऐका. ध्वनिमुद्रण गायक शार्ल पांझेराचं, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या जमान्यातलं. खरखर आहे, पण शब्द लख्ख. द्युपार्कने बरंचसं काम स्वतःच नष्ट केलं, जेमतेम सतराएक गाणी उरली.

मग तीच कविता गायक-संगीतकार लेओ फेरेच्या चालीत आणि आवाजात, 1957च्या ध्वनिमुद्रणातली. भावगीत ऐकत वाढलेल्यांना ही जास्त जवळची वाटेल, असा माझा अंदाज. वाद घालायला मोकळे आहात.

शेवटी गायिका एदित पियाफ आणि गायक शार्ल त्रेने. पियाफ 'र' कसा घोळवते बघा.

कवितेचा मराठी अर्थ छापून ठेवतोय. स्वतःच्या तबकड्या आणणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. तबकडी कडेनेच धरायची. मागच्या खेपेला एकीवर चिवड्याचे तेलकट ठसे निघाले. खाणं नंतर.