कमवा आणि शिका : समन्वयक झालेल्या मित्रास पत्र

रत्नागिरी,
जून महिना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘कमवा आणि शिका’ योजनेचे समन्वयकपद यंदा तुझ्याकडे आले, हे वाचून मनापासून आनंद झाला. मुले निवडावीत कशी आणि त्यांच्याकडून काम करून घ्यावे कसे, हे ग्रंथालयातल्या माझ्या अनुभवावरून सविस्तर कळव, असे तू लिहिले आहेस. या विषयावर मला पुष्कळ सांगायचे आहे, म्हणून पत्र लांबले तर कंटाळू नकोस.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की कर. ही योजना म्हणजे दानधर्म नव्हे. ‘गरजू मुलांना चार पैसे मिळावेत’ या वाक्यापाशी आपल्याकडे बहुतेकांचा विचार थांबतो, आणि मग मुलाला कुठल्या तरी टेबलाशी बसवून, जुन्या फायलींवरची धूळ झटकायला सांगून, महिनाअखेरीस त्याच्या हजेरीपत्रकावर सही केली जाते. पैसे त्याला मिळतात, परंतु आपण आलो नसतो तरी कोणाचे काही अडले नसते, हेही त्याला त्याच खोलीत रोज कळत असते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला याहून वाईट शिकवण कोणती द्यायची? ज्या कामावाचून विभागाचे खरोखर अडेल तेच काम त्याला द्यावे, ते नीट शिकवावे आणि ते चोख झाले आहे की नाही हे रोज पाहावे, असे माझे ठाम मत आहे. त्याचा मोबदला ही आपली मेहेरबानी नव्हे, ते त्याचे येणे आहे.

ज्यांच्यामुळे ही कल्पना महाराष्ट्रात रुजली त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि १९४७ मध्ये तिथेच महाविद्यालय उभे केले. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद. त्यांच्या वसतिगृहातील मुले स्वयंपाकाला, पाणी भरण्याला, शेतात राबण्याला हात लावत, आणि ते श्रम केले नाहीत तर त्या दिवशी ताटात काय पडेल हे प्रत्येकाला ठाऊक असे. आपल्या आवारातील कामाला तोच खरेपणा आला पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की, मुले शोधण्याआधी कामे शोध. प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा विभाग, वसतिगृह, रोपवाटिका, जिमखाना या सगळ्यांकडे स्वतः जा आणि ‘तुम्हाला किती मुले हवीत’ असे न विचारता ‘तुमचे कोणते काम मागे पडले आहे’ असे विचार. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये अशी कामे डोंगराएवढी असतात. इथल्या पावसात भिंतींना ओल येते, कापडी बांधणीच्या पुस्तकांच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते, तळाच्या फळीला वाळवीचा धोका असतो. एकेक कपाट रिकामे करून, पुस्तके कोरड्या कापडाने पुसून, पंख्याखाली उभी उघडून ठेवून, दाखल नोंदवहीशी (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणाऱ्या वहीशी) ताडून पुन्हा लावणे हे काम नीट करायचे तर माणसे लागतात आणि त्या माणसांना समज लागते. मुलांनी हे काम केले नसते तर आमचे जुने कोकण गॅझेटियरचे खंड आज वाचण्याजोगे राहिले नसते, असे मी त्यांना स्पष्ट सांगतो आणि ते अक्षरशः खरे आहे.

कोणती कामे देऊ नयेत तेही लिहून ठेव. प्राध्यापकांचा चहा आणणे, कोणाच्या घरचे सामान पोचवणे, गाडी पुसणे ही महाविद्यालयाची कामे नव्हेत. शिपायाची किंवा ग्रंथालय परिचराची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवून त्या जागेचे पूर्ण वेळाचे काम तासावारी मुलांकडून उरकून घेणे तर त्याहून वाईट, कारण त्यात कायम नोकरीची वाट पाहणाऱ्या गावातल्या एखाद्या माणसावर अन्याय होतो आणि मुलाचा अभ्यासही बुडतो. प्राचार्यांशी या मुद्द्यावर आरंभीच स्पष्ट बोलून घे. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलेही या कामांत मिसळू नकोस. ती सेवा आहे, हे वेतनाचे काम आहे, आणि एकाच बागेत एकाला पैसे व दुसऱ्याला प्रमाणपत्र असे झाले की दोघांच्याही मनात किल्मिष येते.

निवडीविषयी फार लिहीत नाही. सूचना फलकावर लावलेल्या कागदात काम कोणते, वेळ कोणती, तासाला किती रुपये आणि ते केव्हा मिळणार हे चारही असू दे. वर्गावर्गात ती सूचना वाचून दाखव, कारण ज्यांना सर्वाधिक गरज असते ती दूरच्या वाडीतली, पहिल्या वर्षाची, विशेषतः मुली, आपण होऊन विचारायला येत नाहीत. उत्पन्नाचा दाखला बंद पाकिटात घे. मुलाखतीत घरची गरिबी वदवून घेऊ नये. समितीतील तिघांसमोर ‘वडील काय करतात, कर्ज किती आहे’ याची उत्तरे देताना मुलाची मान खाली जाते आणि ती पुढे कामावरही खालीच राहते. गुणपत्रिकेलाही अवास्तव महत्त्व देऊ नकोस. मी मुलाखतीत मुख्यतः दोनच गोष्टी विचारतो : तुझे तास कोणते आणि तुझी एसटी कोणती.

हा एसटीचा प्रश्न तुला वरवरचा वाटेल, पण आपल्याकडे सगळे वेळापत्रक त्यावरच उभे असते. सायंकाळची गाडी चुकली तर पुढची थेट वस्तीची, आणि ती गावात पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. फाट्यापासून वाडीपर्यंतची पायवाट पावसाळ्यात मुलीने एकटीने चालावी अशी नसते. म्हणून माझ्या नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे परतीच्या गाडीची वेळ लिहिलेली असते आणि काम त्याआधी अर्धा तास थांबते, मग कपाट अर्धे राहिले तरी चालेल. मुलींना उशिरापर्यंत थांबवून घेऊ नये, बंद खोलीत एकटीला काम देऊ नये आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीची माहिती पहिल्याच दिवशी द्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी अशी समिती प्रत्येक संस्थेत बंधनकारक केली आहे, आणि तिच्याकडे कसे जायचे हे काम करणाऱ्या मुलीला ठाऊक असलेच पाहिजे.

वर्षाचे नियोजनही कोकणाच्या वर्षाप्रमाणे कर. गणपतीत चाकरमानी घरी येतात, घर भरलेले असते, त्या दिवसांत एकही मूल कामावर मिळणार नाही आणि ते मागूही नये. जून-जुलैची मासेमारीबंदी ३१ जुलैला उठली की कोळीवाड्यातील मुलांना घरच्या होडीवर, जाळ्यांवर काम असते, तेव्हा ऑगस्टच्या आरंभी त्यांचे तास कमी धर. शिमग्यात पालखी घरी येण्याचा दिवस कोणी सोडत नाही, आणि त्यानंतर आंब्याचा हंगाम. बागेत आंबा उतरवायला आणि पेट्या भरायला जी मजुरी मिळते तिच्याशी आपले तासाचे दर बरोबरी करू शकत नाहीत. एखादा मुलगा एप्रिलमध्ये बागेत गेला तर त्याला कामचुकार ठरवू नकोस, पण त्याने आधी सांगितले पाहिजे हा दंडक मात्र ठेव. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे सर्वांना कामातून मोकळे करणे हा माझ्याकडचा न मोडणारा नियम आहे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपलीकडे काम करता येत नाही. तासांना मर्यादा घालण्याचे कारण एकच, की मूल आधी विद्यार्थी आहे.

आता शिकवण्याविषयी. ‘पुस्तके लाव’ असे सांगून निघून जाणारा माणूस आठवडाभरात कपाटांचा गोंधळ करून ठेवतो आणि दोष मुलांना देतो. आमच्याकडे ड्यूई दशांश वर्गीकरण आहे, म्हणजे प्रत्येक विषयाला एक अंक देऊन त्या अंकांच्या क्रमाने पुस्तके लावण्याची पद्धत. मासेमारी उद्योगाचा वर्गांक ३३८.३७२७ आणि कारखानदारी व सेवा उद्योगांचा ३३८.४. नवा मुलगा ३३८.४ आधी लावतो, कारण त्याच्या हिशेबी ४ पेक्षा ३७२७ मोठे. त्याला ‘चुकले’ एवढेच सांगून उपयोग नाही. मी दोन्ही पुस्तके टेबलावर शेजारी ठेवतो आणि टिंबानंतरचा पहिला अंक त्याला बोट ठेवून वाचायला लावतो : इथे ३, तिथे ४, म्हणजे निकाल तिथेच लागला, पुढचे अंक बघायचेच नाहीत. मग पंचवीस-तीस पुस्तकांची एक ढकलगाडी त्याच्याकडून लावून घेतो, प्रत्येक पुस्तक फळीवर आडवे ठेवायला सांगतो आणि मी तपासल्यावरच ते उभे करतो. मागच्या वर्षी कोळीवाड्यातली एक मुलगी या कामाला होती. दिवाळीनंतर तीच नव्या मुलांना ही रीत दाखवू लागली, आणि मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांची फळी तिने इतकी मन लावून सांभाळली की त्यातली फाटकी पुस्तके बांधणीला पाठवण्याची यादी तिने न सांगता माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती यादी तिच्या नावानिशी प्राचार्यांकडे पाठवली. अशा वेळी हात आखडता घेऊ नये. मुलाने केलेले काम त्याच्या नावाने वर गेले पाहिजे.

चूक दाखवायची तर त्याच दिवशी, एकट्याला बोलावून आणि नेमकी दाखवावी. ‘तुझे लक्ष नसते’ असे म्हटल्याने काही सुधारत नाही. ‘आज देवघेवीच्या वेळी चार पुस्तकांची परत-नोंद राहिली’ असे म्हटले तर तो उठून ती नोंद करतो. उशिरा येणाऱ्याला आधी कारण विचार. बहुधा गाडीचे निघते. कारण नसताना वरचेवर उशीर झाला तर मात्र त्याला समज दे, ती लिहून ठेव आणि तरीही फरक पडला नाही तर काम काढून घे. मुले गरीब आहेत म्हणून त्यांच्या हलगर्जीपणाकडे डोळेझाक करणे हा त्यांचा अपमान आहे असे मला वाटते, कारण उद्याचा मालक तशी डोळेझाक करणार नाही.

एक नाजूक बाब राहिली. देवघेवीच्या खिडकीशी बसलेल्या मुलापुढे त्याचेच मित्र उभे असतात. दंड माफ कर, अमक्या मुलीने कोणते पुस्तक नेले सांग, तिचा फोन नंबर दे, असे आग्रह होतात. हे सगळे मुलावर सोडणे योग्य नाही. दंड माफ करण्याचा अधिकार संगणकातच त्याच्या हाती ठेवू नये, वाचकाची माहिती त्याला लागेल तेवढीच दिसावी, आणि ‘सरांनी नाही म्हटलेय’ असे म्हणायची मुभा त्याला उघडपणे द्यावी. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी एका मुलीचा पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ न देणे ही आपलीच जबाबदारी होती. परीक्षा विभागात उत्तरपत्रिका, गुणयाद्या यांच्याजवळ विद्यार्थी कर्मचारी मुळीच ठेवू नकोस.

शेवटचे पैशांचे. पूर्वी मी ज्या संस्थेत होतो तिथे मुलांचे मानधन कार्यालयात पडून राहिले आणि ते पुढच्या सत्रात हाती आले. तोवर एका मुलाने एसटीच्या पासचे पैसे नाहीत म्हणून येणेच सोडले होते. तो हुशार होता आणि काम उत्तम करायचा. तेव्हापासून मी तासांची नोंद रोजच्या रोज मुलाच्या सहीने करतो, दर शनिवारी बेरीज त्याला दाखवतो आणि महिना संपताच पहिल्या कामाच्या दिवशी देयक लेखा विभागात स्वतः नेऊन देतो. बँकेतले नाव आणि महाविद्यालयातले नाव जुळते का, हे जूनमध्येच तपासून घे. एका अक्षराच्या फरकाने रक्कम परत येते. विद्यापीठाचे अनुदान उशिरा येणार असेल तर महाविद्यालयाच्या निधीतून आगाऊ रक्कम देण्याचा ठराव आत्ताच मांड. जूनमध्ये तो मंजूर होईल, नोव्हेंबरमध्ये त्याच्यासाठी हेलपाटे घालावे लागतील.

वर्ष संपताना प्रत्येकाला अनुभवपत्र दे, आणि त्यात ‘वर्तणूक चांगली’ एवढ्यावर भागवू नकोस. त्याने कोणते काम केले, काय शिकला, कोणाला शिकवले हे लिही. आमच्या एका मुलाने असे पत्र पतसंस्थेतल्या मुलाखतीत दाखवले, तेव्हा दाखल नोंदवही ताडण्याबद्दलच त्याला अर्धा तास विचारत होते, असे तो सांगत होता.

माझ्याकडील तासांच्या नोंदवहीचा आणि अनुभवपत्राचा नमुना सोबत जोडला आहे. तुझ्या महाविद्यालयाच्या वेळा वेगळ्या असतील, त्याप्रमाणे रकाने बदलून घे. सूचना फलकावर लावण्याआधी मसुदा मला पाठवलास तर बरे होईल, मी दोन दिवसांत पाहून परत करीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

तुझा,
ग्रंथपाल मित्र