डिटेक्टर आधी तपासा, मग उतरा

मा. संपादक, स. न. वि. वि.

टाकीत किंवा मॅनहोलमध्ये उतरताना गॅस डिटेक्टर जवळ असला की झाले, हा समज मला फार अस्वस्थ करतो. सिलिकॉनच्या वाफेने ज्वलनशील वायूचा सेन्सर निकामी झाला, तरी पडद्यावर निमूटपणे शून्यच दिसत राहते. म्हणून यंत्र मोकळ्या हवेत सुरू करून ऑक्सिजन २०.९ टक्के दिसतो का हे पाहावे आणि चाचणी-वायूचा (तपासणीसाठीच्या, ठरावीक प्रमाणाच्या वायूचा) झोत देऊन अलार्म वाजतो का, याची रोज खात्री करावी. हायड्रोजन सल्फाइड तळाशी साचतो, मिथेन वर चढतो. त्यामुळे उतरण्याआधी डिटेक्टरची नळी आत सोडून वर, मध्ये व तळाशी अशा प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. वासावर मुळीच विसंबू नये, कारण हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होते.

— एक सुरक्षा पर्यवेक्षक