डाव्या बुटाबद्दल, काका, तुमचे आभार

काका, स. न. वि. वि.

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी संध्याकाळी मी लेकीचे क्रिकेटचे बॉलिंग शूज घेऊन तुमच्या बूटदुरुस्तीच्या जागी आले होते. तुम्हाला आठवत असेल. टिळक रोडवर गर्दी मावत नव्हती आणि तुम्ही ताडपत्री गुंडाळायला घेतली होती. माझं काम एवढंच होतं की उजव्या बुटाचं उघडलेलं टोक चिकटवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मॅच होती.

तुम्ही उजवा बाजूला ठेवलात आणि डावा मागितलात. डाव्याला काहीच झालेलं नाही, असं मी म्हणालेही. पुसून दुकानात ठेवला असता तर नवा म्हणून खपला असता. तुम्ही आतला सोल उपसून काढलात, टाचेच्या जागी अंगठा दाबलात आणि बूट माझ्या हातात दिलात. ‘दाबून बघा, ताई. आता पुढे दाबा.’ पुढच्या बाजूला फोम दबून लगेच वर येत होता. टाचेशी मात्र माझा अंगठा सरळ खालच्या कडक तळाला जाऊन टेकला. बाहेरून टाचेच्या कडेला, पांढऱ्या फोमवर चार-पाच बारीक आडव्या सुरकुत्या होत्या. रोज तो बूट पुसणाऱ्या मला त्या कधी दिसल्या नव्हत्या.

‘उजवा जोडून देतो,’ तुम्ही म्हणालात. ‘डाव्याचा जीव गेलाय. हा घालून पोरीला बॉलिंग टाकू देऊ नका.’

मी वाद घातला. साडेसहा हजारांचा जोड, जेमतेम दीड महिना वापरलेला. तुम्ही शांतपणे उजवा बूट लोखंडी पायावर चढवलात, रापीने जुनं सोल्युशन खरवडलंत, नवं लावून टोकाला आरीने शिलाई घातलीत आणि साठ रुपये घेतलेत. डाव्यालाही काहीतरी करून शंभर-दीडशे सहज घेता आले असते, मी दिले असते. तुम्ही घेतले नाहीत. हे पत्र खरं तर त्या न घेतलेल्या पैशांसाठी आहे.

घरी आल्यावर मी लेकीला विचारलं. तेव्हा ती म्हणाली की गेले तीन आठवडे नेट्सचा सराव झाल्यावर कंबर धरते. आम्ही तो दोष कॉलेजच्या बॅगेवर टाकला होता. दुसऱ्या दिवशी ती खेळली नाही. रडली, दिवसभर बोलली नाही. सोमवारी डॉक्टरांकडे गेलो, एमआरआय झाला, सुदैवाने हाडाला काही नव्हतं. कोवळ्या वयाच्या वेगवान गोलंदाजांना कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडण्याचा धोका असतो, आणि ती ताणाने हळूहळू पडते, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी महिनाभर बॉलिंग बंद ठेवली. तिच्या क्रिकेटच्या सरांनी त्यानंतर आठवड्याचे चेंडू मोजून ठरवून दिले. सगळं बुटामुळे झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या मते ती जास्त चेंडू टाकत होती, हेच मोठं कारण. पण तुम्ही तो बूट माझ्या हातात दिला नसता, तर मी तिला विचारलंच नसतं.

दर रविवारी मैदानाच्या कडेला माझ्यासारखे आईबाप उभे असतात. प्रश्न ठरलेला: कुठले बूट पायाला आरामाचे आणि कुठले जास्त टिकतात? मीही दोन वर्षं हेच विचारत होते. तुम्ही दाखवलंत की जोड एक असला तरी वेगवान गोलंदाजाच्या दोन पायांची कामं वेगळी आहेत. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा डावा पाय चेंडू सुटायच्या आधी क्रीजवर आपटतो. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त जोर पायावर येतो. माझी लेक बावन्न किलोची आहे. म्हणजे एकेका चेंडूला अडीचशे किलोच्या वर, एका टाचेवर. तिचा उजवा पाय मागून अंगठ्याच्या टोकावर घासत येतो. त्यामुळे उजवा बूट बाहेरून फाटतो आणि तो सगळ्यांना दिसतो. डावा आतून दबत जातो आणि कुणाला कळत नाही. आपण फाटलेला बूट बदलतो, दबलेला घालत राहतो.

त्या साडेसहा हजारांच्या जोडाचं खरं तेही सांगते. दुकानात पाय घातल्याबरोबर ती म्हणाली होती, ‘आई, कापसावर उभी आहे असं वाटतंय.’ वजनाला हलका, वरचं कापड जाळीचं, हवा खेळणारं, खाली जाड मऊ फोम. पुढे धातूचे स्पाइक्स, टाचेला नुसत्या रबरी गुठळ्या. तुम्ही बघताच म्हणालात की हा बॅटिंगचा बूट आहे, बॉलिंगचा नाही. टाच आपटते तिथेच पकड नाही, आणि जाळीचं टोक घासटायला महिनाभर पुरणार नाही. ते सहा आठवडे पुरलं. विकणाऱ्याने आम्हाला तो बॉलिंगसाठीच दिला होता. राग आला होता, आता गेला.

दुसरा जोड तुमच्या सांगण्यावरून घेतला. जालंधरचा, किंमत निम्म्याहून कमी. जड. वरचं सिंथेटिक लेदर इतकं कडक की पहिले आठ दिवस घोट्याला फोड आले. पण तळ चारही बाजूंनी शिवलेला, टोकाला रबराची वाटी वर अंगठ्यापर्यंत चढवलेली, आणि टाचेलाही धातूचे स्पाइक्स. तुम्ही तो दोन्ही हातांत धरून पिळलात, मग वाकवलात. बूट बोटांच्या मुळाशी वाकला, मधे ताठ राहिला. ‘मधे मोडणारा बूट घेऊ नका,’ एवढंच म्हणालात. तेव्हापासून मी दुकानात प्रत्येक बूट पिळून बघते. दुकानदार बघत राहतात, बघू देत.

याच्यात कमी होती ती टाचेखालच्या फोमची. बूट टिकाऊ होता, पण पायाला कठीण. मी जेलची मऊ गादी विकत आणली तर तुम्ही ती परत करायला लावलीत. मऊ गादीत टाच डोलते, आणि डोलणाऱ्या टाचेवर अडीचशे किलो पडले तर घोटा जातो. त्याऐवजी तुम्ही दाट फोमचा, टाचेभोवती कड असलेला सोल कापून बसवलात. दोन्ही बुटांत एकाच उंचीचा, कारण एका पायाला उंची वाढली तर कंबर पुन्हा तक्रार करेल. बोटाने दाबला तर कठीणच लागतो. आपटून बघितल्यावर कळतं की हाड वाचतंय. दुकानात पाय घालून जो आराम वाटतो तो पाचव्या ओव्हरमधल्या आरामाहून वेगळा असतो, हे मला त्या एका सोलने शिकवलं.

आणखी एक गोष्ट, जी मुलींच्या पालकांनी जरूर ऐकावी. मुलींसाठी वेगळ्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या साच्यावर, बनवलेले बॉलिंग शूज मला पुण्यात फिरून मिळाले नाहीत. मुलांच्या पाच नंबरात लेकीचा पाय पुढे बरोबर बसतो आणि टाच मागे सैल राहते, कारण बाईच्या पायाची टाच पुढच्या भागाच्या मानाने अरुंद असते. टाच सैल, म्हणून पाय पुढे सरकतो, म्हणून अंगठा टोकावर आदळतो. तिचं डाव्या अंगठ्याचं नख दोनदा काळं पडून गळलं होतं. टीव्हीवर मोठमोठ्या गोलंदाजांच्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पाडलेलं दिसतं ते याच दुखण्यामुळे. मी तुम्हाला भोक पाडायला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी नाडी बघू. सगळ्यात वरच्या छिद्रांतून त्याच बाजूला नाडी ओवून छोटी कडी केलीत, समोरच्या बाजूची नाडी त्या कडीतून घेऊन ओढलीत. टाच मागे पक्की बसली. लेकीने फूटपाथवर पाय आपटून पाहिला, पुन्हा आपटून पाहिला, आणि हसली. या मोसमात नख शाबूत आहे. भोक पाडावं लागलं नाही.

तुमच्याकडे बसल्या बसल्या एकदा निंबाळकरांचा विषय निघाला होता. डिसेंबर १९४८, इथलंच पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. मी ते अभिमानाने सांगत होते. तुम्ही दोरा ओढता ओढता म्हणालात, ‘धावा सगळ्यांनी मोजल्या, ताई. त्या काठियावाडच्या बॉलरांचे पाय कुणी बघितले का?’ त्या काळी चामड्याचे बूट, चामड्याचाच तळ, बुटात फोम नावाची गोष्ट नाही. मी त्या मॅचकडे तुमच्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे आता घरात रीत पडली आहे. मॅटिंगवर, म्हणजे चटईच्या खेळपट्टीवर, आणि सिमेंटच्या नेट्सना रबरी तळाचा जुना जोड, स्पाइक्स फक्त टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर. पार्किंगपासून मैदानापर्यंत स्पाइक्स घालून चालणं बंद, कारण काँक्रीटवर धातूची टोकं झिजतात आणि आटे हलतात. पावसाळ्यात स्पाइक्स काढून शिलाई मशीनच्या तेलाचा हात लावून डबीत. बूट ओले झाले तर आत ‘सकाळ’चे कागद कोंबून पंख्याखाली, उन्हात नाही आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही, नाहीतर सोल्युशन सुटतं. पीयूच्या, म्हणजे पॉलीयुरेथेनच्या, तळाचे बूट सेलमध्ये दिसले म्हणून आधीच घेऊन माळ्यावर ठेवू नका, असंही तुम्ही बजावलं होतंत. माझ्या भावाच्या ट्रेकिंगच्या बुटांचं तेच झालं. दोन पावसाळे कपाटात, एकदाही घातले नाहीत, आणि सिंहगडाच्या पहिल्या वळणावर तळाचा भुगा.

एका बाबतीत मी अजून तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही तो हलका जोड टाकून द्या म्हणालात. मी डाव्यात नवा सोल घालून तो बॅटिंगला आणि फील्डिंगला ठेवला आहे. बाउंड्रीवर धावताना तिला तो खरंच आवडतो, आणि तिथे टाच आपटत नाही. रागावू नका.

हे सगळं चारचौघांत लिहिते आहे, कारण समोर आभार मानले की तुम्ही मान खाली घालून दोऱ्याला मेण लावायला लागता. इथे ते करता येणार नाही. तुमचा भाचा मोबाईलवर हे दाखवेलच. लेकीने या मोसमात ठरवून दिलेले सगळे चेंडू टाकले, कंबर न धरता. निवड चाचणीच्या यादीत ती पहिल्यांदा आली. कालच्या सामन्यात सात ओव्हर टाकल्यावर ती तंबूत आली तेव्हा मी आधी तिचा डावा बूट मागितला, आतला सोल उपसला आणि टाचेशी अंगठा दाबला. फोम दबून वर आला.

उजव्याच्या टोकावर तुम्ही बसवलेलं टायरचं रबर मात्र अर्ध्यावर आलंय. शुक्रवारी संध्याकाळी, ताडपत्री गुंडाळायच्या आधी येते. या वेळी दोन्ही बूट घेऊन येईन.

आपली,
एका गोलंदाजाची आई
पुणे