निर्लेखनाच्या कागदात एक रकाना वाढवा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजात डेडस्टॉकची, म्हणजे नोंदवहीतल्या टिकाऊ सामानाची, पडताळणी कशी होते, हे आपल्या खात्यातल्या कुणालाही विचारा. समिती रजिस्टर घेऊन येते, क्रमांक जुळवते, मोडक्या स्टुलांवर आणि गंजलेल्या ओव्हनवर खडूने खुणा करते. मग निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा प्रस्ताव, मंजुरी, लिलाव आणि दारात भंगारवाल्याचा टेम्पो. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मी अशा समित्यांवर काम केलं आहे. खरेदीची तारीख, मूळ किंमत, अपेक्षित किंमत, सगळं त्या कागदांवर असतं. या वस्तूत किरणोत्सारी पदार्थ आहे का, हा प्रश्न मात्र मी पाहिलेल्या एकाही नमुन्यात नव्हता. त्या एका रकान्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ मध्ये कॅनडाहून गॅमासेल नावाचं, नमुन्यांवर गॅमा किरण सोडणारं उपकरण आणलं होतं. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू, भोवती शिशाचं जाड कवच. १९८५ पासून ते बंद पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने ते इतर जुन्या सामानाबरोबर लिलावात विकलं आणि ते दिल्लीतल्याच मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथल्या कामगारांनी कवच फोडलं, कारण भंगारात शिशाला भाव मिळतो. आतल्या चकचकीत धातूचे तुकडे झाले. एक तुकडा एका व्यापाऱ्याने पाकिटात घालून खिशात ठेवला. उलट्या, गळणारे केस, काळी पडणारी कातडी अशी लक्षणं घेऊन माणसं दवाखान्यांत जाऊ लागली, तेव्हा कुठे प्रकरण उघडकीस आलं. एप्रिलच्या शेवटी त्यांतला एक कामगार दगावला.

यातला हिशेब मला आजही अस्वस्थ करतो. कोबाल्ट-६० निसर्गात सापडत नाही. साधा कोबाल्ट-५९ अणुभट्टीत ठेवला, त्याने न्यूट्रॉन शोषला की तो तयार होतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचं. म्हणजे ४२ वर्षांत तो आठ वेळा निम्मा झाला, मूळ तीव्रतेचा जेमतेम अडीचशेवा भाग उरला. तेवढ्यानेही माणूस मेला. ‘फार जुनं आहे, आता काय उरलं असणार’ असं निर्लेखन समितीत सहज म्हटलं जातं. त्या वाक्यावर कुणीही विसंबू नये.

नियम नव्हते असं नाही. किरणोत्सार संरक्षणाचे नियम २००४ पासून लागू आहेत, आणि अणुऊर्जा नियामक मंडळ तर आपल्याच अणुशक्तीनगरात आहे. पण मंडळाच्या परवान्याची फाईल एका कपाटात आणि डेडस्टॉक रजिस्टर दुसऱ्या कपाटात. ज्या प्राध्यापकाला उपकरणाची माहिती होती तो निवृत्त झाला, की दोन्ही कपाटं जोडणारं कुणी उरत नाही.

ही फक्त दिल्लीची गोष्ट नव्हे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, तिथल्या कारखान्यातल्या २० कामगार त्याच्या किरणोत्साराच्या संपर्कात आले. पोलादाचा माग काढत गेल्यावर तो आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. भंगारातून आलेला एखादा स्रोत भट्टीत वितळला, की तो कुठे कुठे जाईल याला धरबंध राहत नाही.

मी या मूलद्रव्यांच्या विरोधात नाही, उलट आयुष्यभर ती शिकवत आलो. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून हेच कोबाल्ट वापरतात, कर्करोगाच्या उपचारांतही त्याने असंख्य माणसं वाचवली. म्हणून तर त्याचा शेवट नीट व्हायला हवा.

मागणी अशी आहे. निर्लेखनाच्या नमुन्यात एक सक्तीचा रकाना घाला: ‘किरणोत्सारी स्रोत आहे / नाही / माहीत नाही’. ‘माहीत नाही’ असेल तर मोजणी झाल्याशिवाय वस्तू हलवायची नाही. किरणोत्सार मोजणारं सर्व्हे मीटर हातात मावणारं असतं, प्रत्येक विभागीय सहसंचालक कार्यालयात एक ठेवलं तरी कॉलेजांना आळीपाळीने वापरता येईल. स्रोत सापडला तर नियामक मंडळाला कळवून, त्यांच्या परवानगीनेच त्याची रवानगी करायची. रसायनांच्या कपाटांकडेही पाहायला सांगा. युरॅनिल अॅसिटेटची पिवळी पूड आणि थोरियम नायट्रेट ही किरणोत्सारी रसायनं जुन्या प्रयोगशाळांत सर्रास असत. लेबल सुटलेली, तळाशी खडा धरलेली अशी बाटली बेसिनमध्ये रिकामी करण्याचा मोह शिपायाला होतो, आणि त्याला थांबवणारी एकही ओळ कुठे लिहिलेली नसते.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पिवळ्यावर काळी तीन पाती हे चिन्ह न शिकलेल्या माणसाला पंख्यासारखं दिसतं. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये मोठ्या स्रोतांसाठी नवं चिन्ह आणलं: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते ठरवण्याआधी ११ देशांतल्या लोकांना दाखवून पाहिलं, त्यांत भारतही होता. कुर्ल्याच्या, मालेगावच्या भंगार दुकानांत मात्र ते मला कधी दिसलं नाही. आपल्या कॉलेजांचा माल लिलावात घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला पावतीबरोबर हे चित्र मराठीत आणि हिंदीत छापून द्या, खाली नियामक मंडळाचा फोन नंबर द्या. छपाईचा खर्च किरकोळ आहे.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी हे परिपत्रक निघावं, अशी आग्रहाची विनंती. नमुन्याचा मसुदा करून द्यायला मी विनामोबदला तयार आहे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक