सुमे, तिच्याशी एकदा बोल

अंबाजोगाई
रविवार, रात्री

प्रिय सुमे,

हे फोनवर बोलता येत नाही. घर लहान, भिंतीपलीकडे धाकटी, आणि तिला सगळं ऐकू जातं. म्हणून लिहायला बसले. आबांची शुगर आटोक्यात आहे, आईचा गुडघा होता तसाच. बाकी सगळे बरे.

धाकटीचा बँक क्लार्कच्या प्रीलिमचा, म्हणजे पूर्व परीक्षेचा, निकाल लागला. एकूण बेरीज कटऑफच्या चांगली पुढे, आणि इंग्रजीत पाव मार्काने मागे. पाव मार्क, सुमे! एक उत्तर चुकलं की कापतात तेवढाच. आबा विचारत होते, "एवढे मार्क पडलेत, मग नापास कशी?" त्यांना सांगितलं की तिन्ही विषयांचा कटऑफ वेगवेगळा असतो, एकात राहिलं की बाकीचे दोन बघत नाहीत. त्यांना ते पटलं नाही. पटणार तरी कसं? लातूरच्या सेंटरवरून आपण दोघी एसटीने परत येत होतो आणि बार्शी रोडवर तू एकदम रडायला लागलीस, ते मला निकालाच्या रात्री सारखं आठवत होतं. तुझं गणित, तुझी बुद्धिमत्ता अख्ख्या अभ्यासिकेत कुणाला झेपत नव्हती. आणि तुझाही घात इंग्रजीनेच केला.

आता ऐक, खरी गोष्ट पुढे आहे.

निकालानंतर दोन दिवस ती जेवली नाही नीट. तिसऱ्या दिवशी तिची वही घेतली मी हातात. अगं, काय सुंदर वही आहे! क्लासमध्ये नियमांना नंबर देतात ना, तसे सगळे नंबर घालून, लाल-निळ्या पेनाने. मी सहज विचारलं, "नायदर द मॅनेजर नॉर द क्लार्क्स वॉज प्रेझेंट, यात चूक काय?" प्रश्न संपायच्या आत उत्तर: "वॉज नाही, वेअर. जवळच्या कर्त्याप्रमाणे क्रियापद." नियमाचा नंबरसुद्धा सांगितला. 'हार्डली' आलं की 'व्हेन', 'नो सूनर' आलं की 'दॅन', 'लेस्ट' आलं की 'शुड', कुठेही अडली नाही. मग मी माझ्या बँकेच्या शाखेतून आणलेल्या इंग्रजी पेपरातली एक छोटी बातमी पुढे ठेवली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर आहे तोच ठेवला, एवढंच होतं त्यात. म्हटलं, वाच आणि मराठीत सांग काय लिहिलंय. तिने दोनदा वाचली, आणि गप्प. मग म्हणाली, "ताई, मला नियम येतात गं, वाक्य येत नाही."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

ती पॅसेजला, म्हणजे उताऱ्यावरच्या प्रश्नांना, हातच लावत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तीस प्रश्न, वीस मिनिटं, त्यातला पॅसेज ती उघडतसुद्धा नाही. क्लासमध्येच सांगतात म्हणे, "पॅसेज वेळ खातो, आधी एरर, फिलर्स उरका," म्हणजे वाक्यातली चूक शोधा, गाळलेली जागा भरा. मग वाक्यांचा क्रम लावायचा प्रश्नही अंदाजाने, क्लोज टेस्ट, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा, त्याही अंदाजाने, आणि अंदाज चुकला की पाव मार्क वजा. आणि यात मुलींचा काय दोष? दहावी-बारावीपर्यंत धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं गाइडमधून पाठ केली, एक पान इंग्रजी स्वतःहून वाचून समजावून घ्यायची वेळच कधी आली नाही. आपल्या आजीला जात्यावरच्या शंभर ओव्या यायच्या, कर्ता-कर्म तिने जन्मात ऐकलं नव्हतं. भाषा आधी कानात जाते, मग डोळ्यांत, आणि नियम त्यानंतर येतो. इथे सगळं उलटं चाललंय, आणि त्यात पोरींची वर्षं जातायत, याचा मला फार त्रास होतो.

तुला राग येईल, पण हे मी तेव्हाही म्हणत होते. आठवतं का, तू शब्दांच्या चिठ्ठ्या खोलीभर चिकटवल्या होत्यास? माझ्या आरशावर, तांदळाच्या डब्यावर, खिडकीच्या गजांना. घरमालकीणकाकूंना वाटलं आपण कुणाची तरी करणी उतरवतोय, त्या लिंबू घेऊन आल्या होत्या! मी चार चिठ्ठ्या काढल्या म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, आणि मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बसायला लागलीस. तिथेही वरण बघून तुझं चालूच, "स्कँटी, मीगर, स्पार्स." मेसचे काका काकूंच्या भाजीच्या पिशव्या उचलायचे, तर त्यांचं नाव तू 'युक्सोरियस', म्हणजे बायकोवेडा, ठेवलंस. तो एक शब्द मला आजही येतो, कारण त्याला काकांचा चेहरा आहे. आणि तुझ्या चिठ्ठ्यांवरचे बाकीचे शब्द? सांग बरं, किती राहिले? मी भांडत होते ते यासाठीच.

आता संध्याकाळी आम्ही दोघी बसतो. एक छोटा उतारा मोठ्याने दोनदा वाचायचा, मग मराठीत सांगायचा, त्यानंतरच वही उघडायची. नवा शब्द एकटा लिहायचा नाही, त्याच्या वाक्यासकट लिहायचा. आणखी एक केलं. तिच्या वहीत 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको, 'सीनियर'पुढे 'टू', 'मॅरीड'पुढे 'टू' असं वेगवेगळ्या पानांवर होतं. मी ते एका पानावर आणलं आणि म्हटलं, बघ, आपण मराठीत एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, कुणा'पेक्षा' सीनियर असतो, कुणा'शी' लग्न करतो, म्हणून आपला हात तिकडे जातो. 'अ', 'ॲन', 'द' तर आपल्याकडे नाहीतच, मग ते सुटणारच. त्या निकालानंतर ती पहिल्यांदा तेव्हा हसली. म्हणाली, "म्हणजे मी ढ नाही." अगं, इतकी वर्षं ती स्वतःला ढ समजत होती!

पण याला महिने लागतात, सुमे, आणि आबांनी दिवाळीपर्यंतच मुदत दिलीय. केजचं एक स्थळ आहे, मुलगा बरा आहे, तेच वाईट आहे, नाही म्हणायला कारण सापडत नाही. धाकटी स्वतःच म्हणायला लागलीय की बँक सोडते, तलाठी करते, तिथे निगेटिव्ह नाही, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. तिला सांगितलं की २०२३च्या तलाठी भरतीतसुद्धा १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचेच होते, आणि साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. इंग्रजीला टाळून कुठे जाशील? स्टेट बँकेच्या क्लार्क प्रीलिमला विषयवार कटऑफ नाही, ती दे म्हटलं, तर नुसती मान हलवते.

आणि तुला आठवून वाईट वाटतं ते वेगळंच. २०२१ला सरकारने ठरवलं, क्लार्कची परीक्षा मराठीसकट १३ प्रादेशिक भाषांत. तू परीक्षा सोडून गेल्यानंतर. गणितातली ती लांबलचक वाक्यं तू हिंदीतून वाचत बसायचीस, ती आता मराठीत येतात. इंग्रजीचा भाग तेवढा इंग्रजीत राहिला, तो राहायलाच हवा असं माझं मत आहे. काउंटरवर दिवसभर मराठी बोलते मी, पण परिपत्रकं सगळी इंग्रजीत. परवा एक बाई आल्या, नवरा गेलेला, खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापले जात होते ते कशाचे हे त्यांना माहीत नव्हतं. जीवन ज्योती विमा, दोन लाखांचा. क्लेमसोबतच्या सूचना वाचून त्यांना मराठीत समजावल्या. हे काम पॅसेज वाचण्याचंच आहे. धाकटी ते फार छान करेल, तिच्याकडे माया आहे. म्हणून जीव तुटतो.

आता तुझ्याकडे मागणं. तू तिच्याशी बोल. मी बोलले की तिला वाटतं, ताईचं काय, ताई लागली. तू म्हणतेस ना, सोडल्याचं मला काही वाटत नाही, दुकान बरं चाललंय? ते खरं असेल तर तिला तसंच सांग, मग मी आबांना अडवणार नाही. आणि ते खरं नसेल तर तेही सांग. तिला थांबवावं की जाऊ द्यावं, हे मला एकटीला ठरवता येत नाहीये.

दुकानाच्या वरची खोली भाड्याने दिलीस का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल. चिमणीला पहिलीत कुठे घातलंस, मराठी की इंग्रजी, तेही कळव, त्यावर आपलं एक भांडण बाकी आहे.

मी पत्र लिहिलंय हे धाकटीला बोलू नकोस, तू आपणहून फोन केलास असंच दाखव. सातनंतर कर. तोपर्यंत ती अभ्यासिकेत असते आणि तिथे फोन बंद ठेवावा लागतो.

तुझी,
रेखा