जुम्ल्याहून पत्र

जुम्ला, नेपाळ
२६ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर चार वाक्यं होत नाहीत तोवर रेंज जाते, म्हणून आज निवांत लिहायला बसले. उद्या शाळेतले एक सर खलंग्याला, म्हणजे जिल्ह्याच्या गावाला जाणार आहेत, त्यांच्याजवळ पत्र देते.

दसैं, म्हणजे इथला दसरा, आटोपून गवंडी परत आलेत. इथे त्यांना डकर्मी म्हणतात आणि सुताराला सिकर्मी. भिंतीला भित्ता, मातीला माटो, त्यामुळे कामावर माझं फारसं अडत नाही. मी बांधतेय त्या मुलींच्या वसतिगृहाच्या भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्यात.

बाबा, तुम्ही किल्लारीचं सांगायचात ते इथे रोज आठवतं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दिसायला बुरुजासारख्या. पण आतल्या आणि बाहेरच्या अंगाला दगडांचे दोन वेगवेगळे पदर, मधे नुसती माती आणि कपच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. इथून दक्षिणेला जाजरकोट आहे. तिथे ३ नोव्हेंबर २०२३ ला, रात्री पावणेबाराच्या सुमाराला तसंच झालं. दीडशेहून जास्त माणसं गेली. घरं तशीच, दगड-मातीची. आणि माझ्या इमारतीत तर रात्री छत्तीस मुली झोपणार आहेत.

म्हणून आरपार दगडाच्या बाबतीत मी हट्टी झालेय. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा एकच लांब दगड हवा. तसे दगड मिळायला त्रास होतो, घडवायला वेळ लागतो. मागच्या आठवड्यात बाहेरून दिसणाऱ्या एका दगडावर चुन्याची खूण केली आणि आत जाऊन तोच दगड शोधला. नव्हता. आखूड दगड लावून पुढे काम नेलं होतं. तीन थर उतरवायला लावले. म्हातारे डकर्मी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांनीच प्रत्येक आरपार दगडाला दोन्ही बाजूंनी चुना लावायला घेतला. तुमचा पितळी ओळंबा त्यांना फार आवडलाय, कोपरे त्यानेच धरतात.

सळई मात्र मी फार वापरली नाही. लांब सळया घेऊन खेचरं या वाटेची वळणं घेऊ शकत नाहीत. त्याऐवजी इथल्याच सल्ल्याच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाचा शिडीसारखा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवतेय, कोपऱ्यात नीट सांधून. जोत्यावर एक झाला, खिडकीखालचा आता चाललाय, मग दारांच्या वर आणि छताखाली. वर पत्रा, म्हणजे डोक्यावर मातीचं ओझं नाही.

आई, आता तुझ्यासाठी. वरच्या गावांतल्या मुली अडीच-अडीच तास चालत येतात, थंडीत तर अंधारातच निघतात. वैशाख-जेठात यार्सागुम्बा, म्हणजे एक औषधी बुरशी, गोळा करायला घरंच्या घरं वरच्या कुरणांवर जातात आणि वर्ग ओस पडतात. त्यात पाळी आली की कित्येकींना अजून गोठ्यात निजावं लागतं. २०१८ पासून कायद्याने तसं निजायला लावणं गुन्हा आहे, तीन महिन्यांची कैद किंवा तीन हजार रुपये दंड, तरीही. नकाशा दाखवला तेव्हा काही आयांनीच विचारलं, संडासाजवळ त्या दिवसांसाठी एक वेगळी खोली काढाल का? दुष्टपणाने नव्हे गं. देव कोपेल, लेकरांना काही होईल, ही खरी भीती होती त्यांना. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वेगळी खोली नाही, प्रत्येक मुलगी आपल्याच खाटेवर झोपेल. त्या याच भागातल्या, त्यांनी स्वतः ते गोठे सोसलेत. मी बोलले असते तर बाहेरची शहाणी ठरले असते.

मी एवढंच केलं की न्हाणीघराला आतून कडी ठेवली आणि दक्षिणेकडे, वाटेवरून दिसणार नाही असं, उन्हात कपडे वाळवायचं अंगण काढलं. तू दोरीवर साडीच्या खाली कापड लपवून वाळत घालायचीस, ते पावसाळ्यात तसंच दमट राहायचं. अंगण आखताना तेच डोळ्यांसमोर होतं. इथल्या मुलींनी जागा बघितली आणि आधी विचारलं, दोऱ्या किती असतील?

आता घाई आहे. कडाक्याची थंडी पडली की ओली माती भिंतीतच गोठते, मग चैत्रापर्यंत काम बंद. दारांवरचा पट्टा त्याआधी बसवायचाच. बाबा, सल्ल्याच्या लाकडाला सांध्यात भेग पडू नये म्हणून तुम्ही काय करायचात ते फोनवर आधी सांगा, बाकी ख्यालीखुशाली नंतर.

आजीला नमस्कार.

तुमची,
छकुली